न घेतलेली दारू

लातूरच्या गोलाईच्या बाजारपेठेत मल्लिनाथचं साड्यांचं दुकान होतं. वडिलांनी थाटलेलं, थोरल्या भावानं वाढवलेलं, आणि भाऊ औशाला शेतीकडं राहायला गेल्यावर मल्लिनाथच्या हाती आलेलं. पन्नाशीला टेकलेला हा माणूस बोलायला मवाळ, कपाळावर विभूतीचे पट्टे, गादीवर बसला की संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. साडीची घडी मोडावी तर त्यानंच. मनगटाला एक झटका दिला की काठ-पदर सगळा गिऱ्हाइकापुढं पसरायचा, आणि नको नको म्हणणाऱ्या बायकासुद्धा हात लावून बघायच्या.

एका दुपारी त्या मनगटातलं बळच गेलं. लग्नसराईचे दिवस, दुकान भरलेलं. उदगीरकडच्या एका नवरीची आई म्हणाली, "जरा गडद रंगातली दाखवा." मल्लिनाथनं वरच्या फळीकडं हात नेला आणि छातीत एकदम धडधडायला लागलं. हात गार पडले, तोंड कोरडं झालं, श्वास अर्ध्यावरच अडकला. समोरच्या बायकांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र लांबून कुठून तरी येत होता. आता आपण मरतो, असं त्याला स्वच्छ वाटलं.

लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "गॅस असेल. टेन्शन घेऊ नका." मल्लिनाथला प्रश्न पडला की टेन्शन आपण घेतलं कधी? दुकान चालत होतं, मुलगी पुण्याला नोकरीला लागली होती, बायको अंबिका गुणाची होती. तरी पुन्हा एकदा औशाच्या स्टँडवर तसंच झालं, मग मठात आरतीच्या वेळी, मग नुसतं जेवायला बसल्यावर. तिसऱ्यांदा तो तपासून घ्यायला गेला तेव्हा त्या हृदयाच्या डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "शेटजी, एकदा मनाच्या डॉक्टरला दाखवा."

लातुरात मनाचे डॉक्टर नव्हते असं नाही. पण त्या दवाखान्याच्या बाकावर आपल्याला एखाद्या गिऱ्हाइकानं बघितलं तर? गोलाईत दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी झालं असतं की मल्लिनाथच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणून अंबिकेला त्यानं सांगितलं, नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडं माल बघून येतो. अहमदपूर, लोहा करत बस नांदेडला पोचली आणि तो डॉक्टर लेनमध्ये, मान खाली घालून, एका जिन्यावर चढला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "धोका नसतानाच तुमचं शरीर धोक्याची घंटा वाजवतंय. हा आजार आहे, बरा होतो." मग त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. "सकाळची रोज घ्यायची. तिचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, कंटाळून सोडू नका. रात्रीची छोटी, तिचा गुण लगेच दिसेल, पण ती थोडेच दिवस. मी सांगेन तशी कमी करायची. मनानं वाढवायची नाही, मनानं एकदम बंदही करायची नाही." बाहेर रांग लागली होती. मल्लिनाथनं सगळ्याला मान डोलावली. पण बस लोह्याच्या पुढं आली तोवर, जपून घ्यायची ती सकाळची का रात्रीची, ह्यात त्याचा घोळ झाला होता.

चिठ्ठी लातुरात दाखवायची नव्हती, म्हणून तो लातूरला उतरून तसाच औशाला गेला. तिथं व्यंकटीचं मेडिकल होतं. व्यंकटी शाळेपासूनचा दोस्त. त्यानं चिठ्ठी वाचली आणि मल्लिनाथकडं बघितलं.

"कुणासाठी रे?"

"एक दोस्त हाय."

"दोस्ताला सांग, ही सकाळची घेऊ नको म्हणावं. ही लई भारी. डोक्याच्या पेशंटला देतात. एकदा धरली की जन्मभर सुटत न्हाई."

"आणि रात्रीची?"

"ती साधी हाय. झोपेची. माझी आई घेती की. एवढीशी तर हाय." व्यंकटीनं नखाचं टोक दाखवलं.

व्यंकटीच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं.

तरी मल्लिनाथनं दोन्ही घेतल्या. सकाळच्या गोळीनं त्याला मळमळायला लागलं, भूक गेली, आणि गुण म्हणाल तर काहीच नाही. रात्रीच्या गोळीनं मात्र पहिल्याच रात्री छातीवरचं ओझं कुणी तरी अलगद उचलून बाजूला ठेवलं. कित्येक महिन्यांनी तो घोरला. आठवडा झाला तेव्हा त्यानं विचार केला, जिनं त्रास होतो ती वाईट आणि जिनं बरं वाटतं ती चांगली, ह्यात विचारायचं काय? सकाळची पाकिटं त्यानं नाल्यात टाकून दिली. नांदेडला परत बोलावलं होतं, तिकडं तो गेलाच नाही.

छोटी गोळी चालू राहिली. व्यंकटी चिठ्ठी मागायचा नाही. पुढं पुढं एकीनं झोप उतरेना, तेव्हा दीड, मग दोन. दिवाळीच्या गर्दीत दुपारी अर्धी. छातीत धडधडायचं थांबलं होतं हे खरं, पण दुसरंच काही तरी सुरू झालं होतं. गादीवर बसल्या बसल्या डुलकी यायची. एका बाईला सांगितलेला भाव तो तिच्यासमोरच विसरला. अंबिकेनं काही विचारलं की जीभ जड होऊन उत्तर उशिरा यायचं. एखादी वेळ चुकली तर संध्याकाळपर्यंत अंगावर मुंग्या चढल्यासारखं व्हायचं, आणि मग त्याला कळेना की हा जुना आजार उलटला, का गोळीची आदत लागली, का आपलं वयच झालं.

कुणाला विचारावं? मोबाईलवर एकजण सांगायचा, ह्या गोळ्या म्हणजे गोड विष. दुसरा सांगायचा, औषधाला घाबरू नका. तिसरा अश्वगंधा विकायचा. मठात एका ओळखीच्या माणसाला त्यानं 'एक दोस्त हाय' म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "तुमच्या दोस्ताचं मन कमजोर हाय. सकाळी उठून पळायला सांगा." मल्लिनाथ दोन दिवस पळाला आणि गुडघा धरून बसला.

मग एक दिवस व्यंकटीनं काउंटरवरून मान हलवली. "आता न्हाई जमायचं, मल्लिनाथ. तपासणी सुरू झालीय. नवी चिठ्ठी आण, मग देतो."

नवी चिठ्ठी म्हणजे नांदेड. नांदेड म्हणजे त्या बाईंपुढं उभं राहून सांगायचं की तुमचं एकही ऐकलं नाही. मल्लिनाथला लाज वाटली. सुटली तर बरंच झालं, असं म्हणून त्यानं गोळी एकदम बंद केली.

त्याच आठवड्यात मंजुश्रीचा साखरपुडा होता. मंजुश्री म्हणजे थोरल्या भावाची मुलगी. हा भाऊ मडिवाळप्पा, त्याला सगळं घर अण्णा म्हणायचं. स्थळ शिरूर अनंतपाळचं, चांगलं, माळकऱ्यासारखं सात्त्विक घर. नवऱ्यामुलाचे वडील चंद्रप्पा स्वतः कांदा-लसूणसुद्धा खायचे नाहीत. कार्यक्रम त्यांच्याच गावात होता.

मल्लिनाथ गोळीशिवाय तीन रात्री झोपला नव्हता. मंगल कार्यालयातले दिवे डोळ्यांत घुसत होते, सनईचा भोंगा कानाला टोचत होता, कपाळावरच्या विभूतीतून घाम ओघळत होता. अण्णानं त्याला पुढं बोलावलं. मंजुश्रीची साडी, नारळ आणि कुंकवाचा करंडा ठेवलेलं ताट चुलत्याच्या हातानं द्यायचं ठरलं होतं. मल्लिनाथनं ताट उचललं आणि ते वाजायला लागलं. त्यानं दोन्ही हात आवळले तर आणखी वाजायला लागलं. नारळ घरंगळला, करंडा उलटला, आणि कुंकू चंद्रप्पांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं.

चंद्रप्पांनी धोतर झटकलं आणि अण्णाच्या कानाशी लागले. अण्णाचा चेहरा उतरला.

अण्णा त्याला हाताला धरून मागं, जिथं आचारी भांडी घासत होते तिथं, घेऊन गेला. "मल्लू, खरं सांग. पिऊन आलास का?"

दारूचा थेंब त्यांच्या घरात कुणी घेतलेला नव्हता. न्हाई म्हणायला मल्लिनाथनं तोंड उघडलं, आणि मध्येच थांबला. न्हाई म्हटलं तर पुढचा प्रश्न होता, मग हात का थरथरायलेत? त्याचं उत्तर होतं मनाचा डॉक्टर. ते उत्तर आत मांडवात गेलं असतं तर मंजुश्रीच्या घराण्यात वेड आहे म्हणून लग्न मोडायला किती वेळ लागला असता? दारुडा चुलता काय, चार घरांत एक असतो. हा सगळा हिशेब त्याच्या शिणलेल्या डोक्यात कसा झाला, ते त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही.

"हाव अण्णा," तो म्हणाला. "जरा घेतली."

अण्णानं त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि मग त्याच हातानं स्वतःचे डोळे पुसले.

घरी आल्यावर अंबिका ओरडली नाही. तिनं त्याचा सदरा उचलून हुंगला, ठेवला, पुन्हा उचलून हुंगला.

"मला कसा कधी वास आला न्हाई ओ?"

"वेलची खातो मी."

"कुठं पिता?"

"औशाला."

"तरीच." ती खाली बसली. "तरीच सारखं औसा औसा. जीभ जड व्हायची. बसल्या जागी झोपायचे. मी म्हटलं, काम लई पडतंय." एकेक आठवून ती मांडत गेली आणि तिचं सगळं बरोबर जुळत गेलं. मल्लिनाथ ऐकत होता. क्षणभर त्यालाच वाटलं की आपण पीत असलो पाहिजे.

दोन दिवसांनी अण्णा जीप घेऊन आला. मुदखेडच्या बाहेर शेतात दारू सोडवायचं एक केंद्र होतं, साहेबराव नावाचे निवृत्त मास्तर ते चालवायचे. लांबचं बरं, ओळखीचं कुणी भेटणार नाही, असं अण्णा म्हणाला. वाटेत मल्लिनाथला दोनदा उलटी झाली. अंबिका पाठ चोळत होती आणि तोंड दुसरीकडं करून बसली होती.

साहेबरावांनी तिघांना चहा दिला. मग विचारलं, "कधीपासून घेता?"

"झालं वर्षभर."

"देशी का इंग्लिश?"

"इंग्लिश."

"इंग्लिशमधली कोणती?"

मल्लिनाथला एकही नाव आठवेना. "लाल असती ती."

"बरं. किती घेता एका वेळी?"

मल्लिनाथनं हातातल्या चहाकडं बघितलं. "एक कप."

"कप?" साहेबरावांनी चष्मा काढला. "पाण्यात का सोड्यात?"

"न्हाई. नुसती. जेवल्यावर."

अंबिका ताडकन उठली. "ओ मास्तर, ह्यांनी जल्मात दारू घेतली न्हाई! ह्यांना ठाऊकच न्हाई ती कशी घेतात!" आणि ती एकदम रडायला लागली, कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मल्लिनाथनं खिशातून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मग छातीतल्या धडधडीपासून व्यंकटीपर्यंत जे होतं ते सगळं, जसं आठवेल तसं, उलटसुलट सांगितलं.

अण्णा त्याच्याकडं वळला. "मग खोटं का बोललास?"

"मंजुश्रीचं मोडलं असतं, अण्णा."

"म्हंजे तू दारुडा न्हाईस."

"न्हाई."

"मग काय, वेडा हायस का?"

अण्णानं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच उत्तर पाहिजे होतं. मल्लिनाथ म्हणाला, "ते मला बी कळंना."

साहेबरावांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "हे आमच्याकडचं काम न्हाई. मला ह्यातलं काही कळत न्हाई. जिनं लिहून दिली तिच्याकडं जा, आणि आजच जा." नांदेड वाटेवरच होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला ओळखलं. रागावल्या नाहीत, पण एकदम बंद केली हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. "फिट येऊ शकली असती तुम्हाला. असं पुन्हा करायचं नाही." त्यांनी तिथंच त्याला एक गोळी दिली आणि नाडी धरून बसल्या. तासाभरानं त्याचे हात थरथरायचे थांबले. अंबिका त्या हातांकडं बघत होती. तिला आनंद व्हावा का भीती वाटावी, हे ठरेना.

"मॅडम, मला एकदा सांगून टाका," मल्लिनाथ म्हणाला. "हे व्यसन हाय का आजार हाय?"

"आजार आधीचा. त्याच्यावर सकाळची गोळी होती, ती तुम्ही टाकून दिलीत. तिची नशा होत नाही. रात्रीच्या गोळीची मात्र शरीराला सवय लागते, म्हणून ती थोडे दिवस म्हटलं होतं. आता ती सवय हळूहळू मोडायची. काही महिने लागतील."

"म्हंजे मी नशा करत होतो?"

"मजेसाठी घेत होता असं मी म्हणणार नाही. पण न विचारता वाढवलीत, हेही खरं आहे."

अण्णाला राहवलं नाही. "एवढी वाईट गोळी, मग लिहिलीच कशाला तुम्ही?"

"त्या दिवशी ते माझ्यासमोर बसून कापत होते, काका. त्यांना तिची गरज होती. मी मात्र आणखी नीट समजावून सांगायला पाहिजे होतं."

"मग ती चांगली हाय का वाईट?" अंबिकेनं विचारलं.

त्या वेळी बाईंनी बरंच काही सांगितलं. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिघांनी त्याची उजळणी केली, तर तिघांच्या लक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी राहिल्या होत्या. शेवटी अंबिका म्हणाली, "ते राहू द्या. गोळ्या आता माझ्याकडं राहतील. त्यांनी सांगितलं तसं मी देते."

आणि तिनं दिल्या. सकाळची पूर्ण. महिन्याभरानं ती लागू पडायला लागली, इतकी हळू की नक्की कधीपासून हे सांगता येणार नाही. छोटी गोळी ब्लेडनं कापून, आधी दीड, मग एक, मग पाऊण. प्रत्येक वेळी कमी झाली की काही दिवस वाईट जायचे. मल्लिनाथ चिडायचा, कारण नसताना रडायचा, एकदा तर म्हणाला, "त्या दिवशी दारूच प्यायलो असतो तर बरं झालं असतं, लोकांना निदान कळतं तरी." अंबिका म्हणाली, "आता ते नका सुरू करू." आणि दोघं हसले. व्यंकटीकडं तो पुन्हा गेला, पण भांडायला नाही. "तुझी आई किती वर्षं घेती?" एवढंच विचारून आला.

मंजुश्रीचं लग्न उन्हाळ्यात झालं. चंद्रप्पांना खरं काय ते सांगायचं नाही, असं अण्णानं ठरवलं होतं. त्यांना एवढंच कळवलं की धाकट्यानं दारू सोडली. चंद्रप्पांना ते फार भावलं. अक्षता पडल्यावर ते शोधत आले आणि मल्लिनाथचे दोन्ही हात हातात धरले. "लई मोठं काम केलात तुम्ही. चुलत्यानं पुतणीच्या लग्नापायी सोडली, असं मी सगळ्यांना सांगायलोय." मल्लिनाथला ते हात सोडवून घ्यावेत असं वाटलं आणि धरून ठेवावेत असंही वाटलं. "एक काम करा," चंद्रप्पा आवाज उतरवून म्हणाले, "आमचा पुतण्या भीमाशंकर. तो बी घेतो. जरा चार शब्द सांगा त्याला."

मांडवाच्या कडेला दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकल्या गेल्या. भीमाशंकर तिशीतला, लाल डोळ्यांचा, चांगला बोलका माणूस होता. "सांगा काका, कशी सोडलात?"

मल्लिनाथ गोंधळला. काय सांगणार? जे घेतलंच नाही ते सोडायचं कसं, हे त्याला कुठं ठाऊक होतं? आणि तरी त्या अंगावरच्या मुंग्या, तो घाम, एका गोळीसाठी औशाचा रस्ता धरणारे पाय, हे तर त्याला पुरतं ठाऊक होतं. "एकदम सोडू नको," तो म्हणाला. "डॉक्टरला विचारून सोड. घरात एकाला तरी खरं सांग." मग त्याला वाटलं, ह्या माणसाशी खोटं बोलण्यात काय अर्थ आहे? "हे बघ भीमाशंकर, तुला म्हणून सांगतो. मी दारू घेतच नव्हतो."

भीमाशंकर मोठ्यानं हसला आणि त्यानं मल्लिनाथच्या गुडघ्यावर थाप मारली. "काका, मी बी घरी हेच सांगतो."

मल्लिनाथलाही हसू आलं. पंगत बसायला लागली होती. अंबिका लांबून त्याला हात करत होती. तो उठला, तेव्हा भीमाशंकरनं विचारलं, "त्या डॉक्टरचा पत्ता देता का?"

"देतो की," मल्लिनाथ म्हणाला. त्या बाई दारूचं बघतात का नाही, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं फोन काढला आणि नंबर शोधायला लागला.